आर्डिस मासे धरायला जाते

आमच्या हालबर्गमध्ये एखादा माणूस कागदावर काही लिहीत बसलेला दिसला, तर तो रिकामटेकडा आहे असं समजतात. तोच माणूस गोठलेल्या तळ्यावर जाऊन, बर्फाला पाडलेल्या भोकात दोरी सोडून, दिवसभर त्या भोकाकडे टक लावून बसला, तर तो कामात आहे असं समजतात. हे कुणी ठरवलं ते ठाऊक नाही. नॉर्वेतून आणि फिनलंडमधून आलेली माणसं मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला वस्ती करून राहिली तेव्हापासूनची ही रीत असावी. आर्डिस स्टेनरूड इथेच जन्मली, इथेच लग्न करून राहिली, तरी ही रीत तिच्या डोक्यात शिरायला चाळिशी उलटावी लागली.

आर्डिस शाळेची बस चालवायची. उंच, आडव्या हाडाची बाई. आवाज न चढवता बसच्या शेवटच्या बाकावरचं पोर गप्प करणारी. सकाळी पोरं गोळा करायची, दुपारी तीच पोरं घरोघर उतरवायची, आणि मधल्या वेळात ती मोकळी असते असं गावाचं आणि घराचं ठाम मत होतं. घरात तिच्याशिवाय चारजण. नवरा रॉली, रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा सरकारी ट्रक चालवणारा. सासरा, ज्याला सगळे 'पा' म्हणत. कानाने अर्धा गेलेला, जिभेने मात्र शाबूत. मुलगी ट्रीना, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी. आणि ट्रीनाचा दोन वर्षांचा कोडी, ज्याचा बाप कोण हे गावाला माहीत होतं आणि बापाला मान्य नव्हतं. यांतलं वाईट कुणीच नव्हतं. तेच तर आर्डिसचं दुखणं. वाईट माणसांशी भांडता येतं, दार आपटून निघून जाता येतं. तुम्ही नुसतं शिंकलात तरी औषधाची बाटली घेऊन धावत येणाऱ्यांशी भांडायचं कसं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तिला लिहायचं होतं ते हिल्मामावशीबद्दल. आर्डिसच्या आईची ही थोरली बहीण फार पूर्वी जंगलतोडीच्या तळावर स्वयंपाकीण होती. सत्तर लाकूडतोडे, तीन वेळचं खाणं, आणि ते करणारी ती एकटी. एका हिवाळ्यात सकाळी तिने वाटाण्याचं सूप चुलीवर ठेवलं, दार ओढून घेतलं आणि चालती झाली. पुन्हा कुणालाच दिसली नाही. आर्डिसच्या माहेरी ही हकीकत एवढीच सांगत, आणि शेवटी म्हणत, "सूप पार करपलं हो!" बाईचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. सूप करपलं हे मात्र तीन पिढ्यांच्या लक्षात राहिलं.

हिल्मा कुठे गेली? आर्डिसला हे लहानपणापासून छळत होतं. विचारायला कुणी उरलं नव्हतं. मग एक दिवस तिने बसमध्ये बसल्या बसल्या एका पाकिटाच्या पाठीवर हिल्माला दारातून बाहेर काढलं, चार पावलं चालवलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण लिहीत गेलो तर ही बाई कुठे जाते ते आपल्याला कळेल. दुसरा मार्गच नाही. आणि हेही लक्षात आलं की त्यासाठी रोज बसावं लागतं. महिन्यातून एकदा बसलं की हिल्मा ओळखच दाखवत नाही, तिची मनधरणी करण्यातच वेळ जातो. रोज बसलं की ती जिथे सोडली तिथेच वाट बघत उभी असते.

तिने घरी सांगून टाकलं. रविवारी जेवताना, सगळ्यांसमोर, कान लाल होईपर्यंत लाजून. "मला रोज थोडा वेळ लिहायला बसायचंय."

कुणी हसलं नाही. रॉलीने तर दुसऱ्याच दिवशी लाकूड आणलं आणि पंधरवड्यात तिला मेपलचं टेबल करून दिलं. असं गुळगुळीत की गाल टेकावा. बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी, सगळ्यांत उजेडाच्या जागी ठेवलं. आर्डिसला रडूच आलं. टेबल बघून आलं, आणि जागा बघूनही आलं.

पहिल्या दिवशी ती बसली, तर पा समोरच्या खुर्चीत येऊन बसले. "तू लिही," ते म्हणाले. "मी काही बोलत नाही." आणि मग त्यांनी आपला एक बैल बर्फातून कसा खाली गेला होता त्याची गोष्ट सुरू केली. ट्रीना कामावरून आली आणि म्हणाली, "मम्मा, तू बसलीच आहेस ना? मग कोडीला धर, मी जरा पडते." बसलीच आहेस ना! महिनाभरात त्या टेबलावर कोडीला वाढदिवसाला मिळालेली बॅट आली, पांच्या कानातल्या यंत्राचे सेल आले, विजेची बिलं आली, कोडीचा एक बूट आला. दुसरा बूट कुठे होता देव जाणे. ती बसमध्ये बसून लिहू लागली, तर जाणारायेणारा प्रत्येकजण काचेवर टकटक करून विचारायचा, "बंद पडली का गं? धक्का मारू?"

असं दीड वर्ष गेलं. हिल्मा दारापासून चार पावलांवर उभी होती ती उभीच.

मग त्या वर्षी नाताळच्या आधी, तळं गाडी झेपेल इतकं गोठलं त्या आठवड्यात, आर्डिसने रॉलीला कपडे चढवताना पाहिलं. तो आपल्या खोपट्याकडे निघाला होता. आमच्याकडे प्रत्येकाचं असं एक खोपटं असतं. चार फळ्या, वर पत्रा, आत एक चूल, एक बाक आणि जमिनीत दोन भोकं. गाडीला बांधून ओढत तळ्यावर न्यायचं, गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं आणि दार लावून बसायचं. पांनी त्याला अडवलं नाही. ट्रीनाने पोर दिलं नाही. कुणी "तू बसलाच आहेस ना" म्हटलं नाही. उलट पा म्हणाले, "जा जा, उशीर करू नकोस," जसा काही तो इस्पितळात शस्त्रक्रिया करायला निघालाय.

त्या रात्री जेवताना आर्डिस म्हणाली, "यंदा मीपण मासे धरायला जाईन म्हणते. दुपारी, बसच्या मधल्या वेळात. जुनं पिवळं खोपटं पडलंच आहे की."

रॉलीचा हात ताटात वाढून घेता घेता थांबला. बावीस वर्षं तो तिला चल म्हणत होता आणि बावीस वर्षं ती "मला थंडी बाधते" म्हणत होती. "खरंच?" तो म्हणाला, आणि त्याचा तो भलाथोरला लाल चेहरा असा उजळला की आर्डिसला तिथल्या तिथे सगळं खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण तिने बटाटे पुढे केले.

ते पिवळं खोपटं म्हणजे स्वर्ग होता. रॉलीने भिंती रस्त्यावरचे पट्टे मारायच्या उरलेल्या रंगाने रंगवल्या होत्या. आत चूल पेटवली की अर्ध्या तासात कोट काढून बसता यायचं. आर्डिस एका भोकात दोरी सोडायची, कुणी डोकावलंच तर असावी म्हणून, आणि मांडीवर फळी घेऊन लिहायची. पेन्सिलीने, चूल तापेपर्यंत पेनातली शाई गोठायची. बाहेर वारा, खाली पाण्याचा काळा डोळा, अधूनमधून बर्फ लांबवर कण्हायचा. आणि हिल्मा चालू लागली. कोठारावरून पुढे गेली. घोड्यांच्या पागेपाशी घुटमळली, तिथल्या म्हाताऱ्या घोड्याला तिने खिशातली साखर दिली. आर्डिसला ठाऊकच नव्हतं तिच्या खिशात साखर आहे म्हणून! दुपारी बस चालवताना ती स्वतःशीच हसायची, आणि मागची पोरं एकमेकांना कोपराने ढोसायची.

रोज जायची. ताप आला तरी गेली. मार्च लागला की कायद्याने सगळी खोपटी तळ्यावरून काढावी लागतात, आणि उन्हाळा म्हणजे पाहुणे, बाग, मुरंबे आणि चुलत नातेवाइकांचे मेळावे. जे काय व्हायचं ते मार्चच्या आत. तोवर हिल्मा कुठेतरी पोचायला हवी होती.

आता एक अडचण होती आणि ती आर्डिसला सुचायला हवी होती. मासे धरायला गेलेलं माणूस कधीतरी मासे घेऊन येतं.

पहिल्या आठवड्यात रॉलीने विचारलं, "काही लागलं?"

"नाही रे."

"लागेल, लागेल."

दुसऱ्या आठवड्यात त्याने विचारणं बंद केलं. तेवढं नाजूकपण त्याच्यात होतं. पण तो काळजीत पडला. बायको रोज थंडीत जाते, रोज हात हलवत येते, आणि वर हसतमुख असते. ही काय साधी गोष्ट आहे? आपल्या एका सुट्टीच्या दिवशी ती पोरं पोचवायला गेलेली असताना तो तिच्या खोपट्यात गेला, दोरी वर ओढून पाहिली, आणि संध्याकाळी तिच्याजवळ येऊन हळूच, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "अगं आर्डिस, गळाला आमिषच नव्हतं."

"हो का?" आर्डिस म्हणाली.

"इतके दिवस तू तशीच बसत होतीस?"

"विसरले असेन."

"वेडी कुठली," त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सोमवारपासून मी येतो तुझ्याबरोबर. शिकवतो सगळं. सुट्ट्या पडूनच आहेत माझ्या."

सोमवारपर्यंत काहीतरी करायला हवं होतं.

तळ्यावर तिच्या खोपट्यापासून हाकेच्या अंतरावर वाइनो नावाच्या एका म्हाताऱ्या फिनिश माणसाचं खोपटं होतं. बायको गेल्यापासून तो तिथेच असायचा. एकदा चूल पेटवायला काडी मागायला आला तेव्हा त्याने तिच्या मांडीवरचे कागद पाहिले होते, पेन्सिल पाहिली होती, काडी घेतली होती आणि निघून गेला होता. आमच्याकडे दुसऱ्याच्या खोपट्यात काय चाललंय ते विचारत नाहीत. शनिवारी आर्डिस त्याच्याकडे लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन गेली आणि दारातच म्हणाली, "वाइनो, मला मासे हवेत."

वाइनोने वड्या पाहिल्या, तिला पाहिलं. "माझा फ्रीजर भरलाय," तो म्हणाला. "दारामागे आहेत. ने." आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी आर्डिसने चार वॉलआय मासे ओट्यावर मांडले. पाणीदार डोळ्यांचे, सोनेरी पाठीचे, चांगले हातभर. पा खुर्चीतून उठले, आणि पा खुर्चीतून उठणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. रॉलीने प्रत्येक मासा उचलून जोखला. ट्रीनाने मैदा काढला. त्या रात्री घरात सणासारखं तळण झालं आणि सोमवारी रॉली कामावर गेला. मासेमारी जमणाऱ्या बाईला शिकवणी कशाला?

सुंठीवाचून खोकला गेला, असं आर्डिसला वाटलं. पुढचे पंधरा दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस होते. ती लिहायची, उठताना वाइनोच्या दाराशी वड्या ठेवायची, तिथले मासे उचलायची आणि बसकडे जायची. हिल्मा जंगलाच्या रस्त्याला लागली होती. पुढे रस्त्याला दोन फाटे फुटत होते. एक रेल्वेच्या थांब्याकडे, दुसरा कुठे, ते आर्डिसला अजून दिसत नव्हतं. पण दिसू लागेल असं वाटत होतं, उद्या नाहीतर परवा.

पण तिला एक गोष्ट माहीत नव्हती. रॉली कॉफी प्यायला जायचा तिथे रोज, काही न बोलता, नुसता हसत बसायचा. कुणीतरी विचारणारच. "कशाला रे दात काढतोयस?"

"काही नाही. बायकोने काल पाच धरले."

"आर्डिसने? बसवाल्या आर्डिसने?"

"परवा सहा."

"कुठे बसते ती?"

बस. एवढंच पुरे झालं. त्या वर्षी तळ्यावर कुणालाच धड काही लागत नव्हतं (वाइनोला लागायचं, पण तो कुणाला सांगायला जात नसे), आणि इथे एक बाई, जिने जन्मात गळ धरला नव्हता, रोज भरल्या हाताने येत होती. म्हणजे जागाच तशी असणार! दुसऱ्या दिवशी आर्डिस तळ्यावर गेली तर तिच्या पिवळ्या खोपट्याशेजारी एक हिरवं खोपटं उभं होतं. त्याच्या पलीकडे एक नुसत्या पत्र्याचं. शनिवारपर्यंत तिथे एक वाडी वसली. गिरमिटांची घरघर, रेडिओ, कुत्री, गाड्यांच्या खुणांनी चिखलासारखा झालेला बर्फ. आणि दारावर टकटक.

"आर्डिस, किती खोल सोडतेस गं?"

"आर्डिस, आमिषाला जिवंत मिनो मासळी वापरतेस का प्लास्टिकची?"

"आर्डिस, मी काही बघणार नाही हां, नुसतं टेकतो. बाहेर वारा लई सुटलाय."

गळ-आमिषाच्या दुकानात तिचा फोटो लागला. हातात वाइनोचा सगळ्यांत मोठा मासा, चेहऱ्यावर फाशी जाणाऱ्याचं हसू. खाली कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आमची आर्डिस.

आणि मग पा आले. इतकी वर्षं गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडलेले पा म्हणाले, मला सुनेबरोबर बसायचंय. रॉलीने त्यांच्यासाठी खोपट्यात गादीची खुर्ची बसवली, भोक मोठं केलं. "तू तुझं कर," पा म्हणाले. "मी काही बोलत नाही." त्यांनी बर्फातून खाली गेलेल्या बैलाची गोष्ट काढली. पण या वेळी ती वेगळी होती. ज्या तळ्यात बैल गेला ते हेच तळं होतं, आणि ते समोर दिसत असल्यामुळे पांना त्या दिवशीचा वास, आवाज, बापाने मारलेली थोबाडीत, सगळं आठवत होतं. सांगता सांगता म्हातारा रडला. आर्डिसने पेन्सिल ठेवली आणि त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार होती? रोज ट्रीना दुपारी कोडीला घेऊन यायला लागली. आजोबा, आई, सगळे इथे, मग घरी कशाला बसायचं? रॉली सुट्टी काढून यायला लागला. चुलीवर सॉसेज भाजायचे, कॉफी उकळायची. ट्रीना आणि तिचा बाप वर्षभर एकमेकांशी नीट बोलत नव्हते, ते आता एकाच भोकात दोरी सोडून हसत होते. करायला गेली एक आणि झालं भलतंच. आणि भलतंच झालं ते इतकं चांगलं होतं की त्याबद्दल तक्रार करणाऱ्या बाईला गावाने दगड मारले असते, आणि पहिला दगड तिने स्वतःच उचलला असता.

वाइनो एका सकाळी आपलं खोपटं गाडीला बांधताना दिसला. आर्डिस धावत गेली. "कुठे?"

"तळ्याच्या पलीकडच्या काठाला." त्याने दोरीला गाठ मारली. "इथले मासे पळाले. माणसं फार झाली."

"माझ्यामुळे झालं, वाइनो."

तो नाही म्हणाला नाही. "वड्या चांगल्या होत्या," म्हणाला, आणि निघाला.

फेब्रुवारी संपत आला होता. हिल्मा दोन फाट्यांपाशी उभी होती. आर्डिसला आता ती नीट दिसतही नव्हती. कोटाचा रंग आठवेना, चेहरा धूसर झाला होता. एखादी ओळ सुचायची तोच कोडी भोकात हात घालायचा. बसमध्ये, गाडी चालवताना, तिचे डोळे भरून यायचे आणि ती वायपर सुरू करायची, काच कोरडी असताना. मार्चनंतर काही उरणार नाही हे तिला कळत होतं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ही बाई टिकायची नाही. आधी एकदा दीड वर्ष वाट पाहिली होती तिने. दुसऱ्यांदा ती उभी राहणार नाही.

शेवटच्या शनिवारी पा शेजारच्या खोपट्यात पत्ते खेळायला गेले. ट्रीना कोडीला झोपवायला घरी गेली. खोपट्यात रॉली आणि ती, दोघंच. आत उकडत होतं म्हणून रॉलीने आपली जाड विजार काढून चुलीवरच्या दोरीवर टाकली होती आणि साध्या जीन्समध्ये बसून तो गळ दुरुस्त करत होता.

"रॉली," ती म्हणाली, "मी एकही मासा धरलेला नाही."

"हल्ली लागत नाहीयेत गं कुणालाच."

"हल्ली नाही. कधीच नाही. एकही नाही. सगळे वाइनोचे होते."

त्याचे हात थांबले. "सगळे?"

"सगळे."

"तो फोटोतला?"

"तोपण."

त्याने गळ बाकावर ठेवला. "मग तू इथे करत काय होतीस?"

"लिहीत होते. हिल्मामावशीचं. तुला म्हटलं होतं ना, तेच."

"मी टेबल केलं होतं की तुला."

"केलं होतंस. फार सुंदर केलं होतंस, रॉली."

"मग मी नको होतो का तुला?" त्याने हे रागाने विचारलं नाही. नुसतं विचारलं, वाट विचारावी तसं.

"तू नकोस असं नव्हतं रे. कुणीच नको होतं. रोज थोडा वेळ, बस. मला कसं सांगू तेच कळत नव्हतं."

रॉली उठला. टोपी घातली, कोट चढवला आणि बाहेर गेला. दार त्याने आपटलं नाही. अलगद लावलं, आणि त्याने आर्डिसला जास्तच लागलं. संपलं, तिला वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्यावर खरा चिडला.

मग तिला बाहेर त्याचा आवाज ऐकू आला. शेजारच्या दारावर टकटक. "ए, रेडिओ बंद कर. आर्डिस काम करतेय." पुढचं दार. "गिरमिट नको आत्ता. आर्डिसला लिहायचंय." पांचा आवाज, "काय म्हणतोस?" आणि रॉलीचा, पांच्या कानाशी, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असा: "पा! आर्डिस! लिहितेय! तुम्ही इथेच बसा!"

एकेक करून रेडिओ बंद झाले. गिरमिटं थांबली. कुणीतरी कुत्र्याला दटावलं. सगळी वाडी चिडीचूप झाली. मग बर्फावर बादली उलटी टेकवल्याचा आवाज आला, आर्डिसच्या दाराबाहेर, आणि फळ्यांच्या भिंतीला कुणाची तरी पाठ टेकली. भिंत किंचित वाकली.

रॉली राखणीला बसला होता.

आर्डिसने फळी मांडीवर घेतली. पेन्सिल घेतली. इतकी शांतता तिला सबंध हिवाळ्यात मिळाली नव्हती. 'हिल्मा दोन फाट्यांपाशी उभी राहिली,' हे आधीच लिहिलेलं होतं. तिने पुढे लिहिलं, 'तिने.' मग थांबली. पन्नास-साठ माणसं श्वास धरून बसली होती आणि ती काय लिहिते त्याची वाट बघत होती. भिंतीपलीकडे रॉलीचे बूट बर्फावर आपटत होते, एक, मग दुसरा, पायांत रक्त फिरावं म्हणून. पण हळूच, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला खोकला आला. त्याने तो गिळला. पुन्हा आला, पुन्हा गिळला.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, आणि त्याची जाड विजार इथे आत, तिच्या डोक्यावर, दोरीवर होती. तो ती मागायला दार वाजवणार नव्हता. मेला असता तरी वाजवलं नसतं. आर्डिस 'तिने' या शब्दाकडे बघत बसली. हिल्मा चार माणसांचा संसार सोडून गेली नव्हती. तिच्या दाराबाहेर कुणी उलट्या बादलीवर बसलेलं नव्हतं. तिला जाता आलं. आर्डिसने डोळे घट्ट मिटून तिला बघायचा प्रयत्न केला, तो फाटा, ते झाड, तो रस्ता, आणि तिला फक्त रॉलीचे गुडघे दिसत राहिले, जीन्समधले, निळे पडलेले. तिने थोडा वेळ तसाच काढला. लगेच उठली असती तर त्याला वाईट वाटलं असतं.

मग तिने दार उघडलं. रॉलीच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, पापण्यांवर बर्फ धरला होता. तो धडपडत उठला. "झालं?"

"झालं," आर्डिस म्हणाली.

"बरंच झालं?"

"बरंच."

"झालं हो तिचं!" रॉली वाडीकडे वळून ओरडला. सगळ्या खोपट्यांतून टाळ्या आल्या, शिट्या आल्या, रेडिओ पुन्हा लागले. तो आत आला, चुलीवर हात धरून उभा राहिला, त्याचे दात वाजत होते आणि चेहरा मासे पहिल्यांदा आले त्या दिवसापेक्षाही उजळला होता. "इतकी साधी गोष्ट," तो म्हणाला. "आधी सांगायचं नाही का गं? आता रोज बसतो मी बाहेर. खोपटी निघाली की घरी, त्या टेबलापाशी, दारात बसतो. कुणाला येऊ देत नाही. मरेपर्यंत बसेन, तू काही काळजी करू नकोस."

"बरं," आर्डिस म्हणाली. तिने दोरीवरची विजार काढून त्याच्या हातात दिली आणि कॉफी गरम करायला ठेवली.